वाळूवरची तिसरी हाक

छत्तीसगढातल्या खुर्सीपार वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गर्दीत दरवर्षी दोन-चार मुलं हरवतात. त्यांना मंचामागच्या खुर्च्यांवर बसवतात आणि माइक मनकर्णाबाई मेश्रामांच्या हातात देतात.

"निळा फ्राक हाय, पायात एकच चप्पल हाय, नाव काही सांगून नाई राहिली. जिची असन तिनं या, बाई."

त्या आवाजात घाई नसते. ऐकता ऐकता हरवलेलं मूल रडायचं विसरतं आणि बोट तोंडात घालून भोंग्याकडे बघत राहतं.

हाच आवाज पुढे नदीवर गेला. मोहन नगरचा शुभंकर सिंचाई विभागात इंजिनिअर आहे. धरणातून सोडलेलं पाणी पोचण्याआधी काठाकाठाने भोंग्याची गाडी फिरवावी लागते. जयंतीत मनकर्णाबाईंना ऐकून त्याने त्यांना ऑफिसात बोलावलं, आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद केला आणि त्यांचं बोलणं भरून घेतलं. नळावर शेजारणींकडून शिकलेल्या छत्तीसगढीत त्या बोलल्या, "नदिया म पानी आवत हे. जम्मो झन बाहिर निकल आवव."

"नदीत पाणी येतंय, सगळ्यांनी बाहेर या. गाडीत हेच पुन्हा पुन्हा वाजेल, मावशी," शुभंकर म्हणाला.

"मंग मी घरी झोपली असन तरी नदीवर बोलत राहीन म्हणा ना," त्या हसल्या.

त्यांचे यजमान चंपत रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून निवृत्त झालेले. लहानपणी वैनगंगेच्या वाळूत त्यांच्या बापाची टरबुजांची डांगरवाडी होती. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत खड्डे करून, खत भरून टरबुजाचे वेल लावायचे. मिलमध्ये तापून लाल झालेले रूळ डोळ्यांसमोरून सरकत असतानाही त्यांना कधी कधी ती पांढरी वाळू दिसायची. निवृत्तीनंतर दुर्गजवळ शिवनाथ नदीच्या पात्रात एका नावाडी केवट मित्राबरोबर त्यांनी वाडी लावली आणि गवताच्या खोपीत राहायला गेले.

"नदी कुठी जात नाई," ते म्हणायचे. "वाळूखाली निजली असते. टरबूज म्हणजे तिले पडलेलं सपन."

"सपन गोड निघालं म्हणजे झालं," मनकर्णाबाई म्हणायच्या.

नात गुंजनला पहिलं टरबूज द्यायचं ठरलं होतं. चैत्र सरला तेव्हा फळं डोक्याएवढी झाली होती, पण टिचकी मारली की आवाज अजून कोरा यायचा. पिकायला आठ दिवस हवे होते.

उन्हाळ्यात गावोगावचे तलाव भरायला धरणातून निस्तारीचं पाणी सोडतात. माणसांच्या आंघोळी, गुरांचं पिणं त्यावरच. एरवी ते कालव्याने जातं आणि नदीची वाळू कोरडीच राहते. यंदा कालव्याची दुरुस्ती निघाली होती.

एके दिवशी शुभंकरचा फोन आला. "मावशी, यंदा पाणी नदीतूनच सोडतोय. आज सकाळी गेट उघडले. उद्या दुपारी दुर्गला पोचेल. गाडी सकाळी काठावर येईल. काका वाडीत आहेत ना?"

"हायत. आठ दिवस थांबता नसतं आलं का रे बाबा?"

"खालच्या बंधाऱ्यात चिखल उरलाय. गुरं त्यात रुतून राहिलीत. आणि धरणात आहे ते पाऊस येईपर्यंत सगळ्यांना पुरवायचंय. सोडायचं ते एकदाच, आणि आत्ताच."

"बरोबर हाय," त्या एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसभर पाणी चालत होतं. त्या भांडी घासत होत्या तेव्हा, कपडे वाळत घालत होत्या तेव्हा, कुठल्याशा वळणावरून ते पुढे येत होतं. त्यांना ते दिसत असल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या सकाळी सून पायल फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, बाबांच्या वाडीतल्या पार्टनरचा फोन हाय. सब लोग निकल गए, म्हणते. बाबा उठून नाई राहिले. म्हणतात, अजून टाइम हाय."

मनकर्णाबाईंचे हात थांबले. घरात जेवायला बोलावण्याच्या तीन हाका होत्या. पहिली, भात चुलीवर आहे. दुसरी, ताटं मांडली. तिसरी, वाढलं. चंपत पहिल्या दोन हाकांना कधीच उठले नव्हते, आणि उठावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. गाडीतला आवाज मात्र एकच वाक्य म्हणत होता. ते कितीदा वाजलं तरी त्यांच्यासाठी ती पहिलीच हाक होती.

"पायल, आटो बोलाव."

त्या पोचल्या तेव्हा दुपार होत आली होती. नदीवर गाडी उभी होती. काठावर लोक गोळा झाले होते आणि दूर पात्रात, वेलांच्या मधोमध, चंपत उकिडवे बसले होते. भोंग्यातून मनकर्णाबाईंचाच आवाज शांतपणे वाहत होता. त्यांनी ड्रायव्हरला तो बंद करायला लावला आणि माइक हातात घेतला.

"अजी, आइकता का? भात चुलीवर हाय!"

काठावरचे लोक वळून बघू लागले. चंपत एका फळावर हात फिरवत होते.

"अजी, ताटं मांडली!"

कोणीतरी हसलं. "काकी, भाजी कौनसी है?"

मनकर्णाबाई हसल्या नाहीत. वरच्या वळणावर वाळू काळी पडू लागली होती.

"वाढलं जी! थंडं होऊन राहिलं!"

चंपत उठले. जणू ओसरीवरूनच आत यायचं होतं, तसे धोतर झटकून उठले. जाता जाता एक टरबूज तोडून काखेत घेतलं आणि काठ चढून आले.

पाणी उसळत आलं नाही. कोणी सतरंजी उलगडावी तसं वाळूवर पसरत गेलं. मग ते वाढलं आणि सगळी डांगरवाडी जागची हलली. हिरवी फळं एकेक करून वर आली, क्षणभर थांबली आणि रांगेने खालच्या बंधाऱ्याकडे निघाली.

"चालली," चंपत म्हणाले. "वैनगंगेची बी अशीच गेली होती."

मनकर्णाबाईंनी त्यांच्या काखेतलं टरबूज आपल्याकडे घेतलं. कोवळं होतं. त्याची भाजी होणार होती.

घरी आल्यावर चंपत हातपाय धुऊन पाटावर बसले. समोर काहीच नव्हतं.

"भात कुठी हाय?"

"अजून तांदूळबी धुतले नाई."

चंपत पाटावरून उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

"मंग पयल्या हाकेपासून बोलाव," ते तिथूनच म्हणाले.