निळाच हाय, अण्णा

मंडळी, आज परभणीला शुगर तपासायला गेले होते. सवयीनं बोट पुढं केलं अन् डोळे मिटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, उघडा डोळे. सुई न्हाई."

यंत्र चिमट्यासारखं बोटावर बसलं, लाल उजेड पडला अन् आकडा आला. "अजून चाचणीतलं हाय, याच्या भरवशावर गोळी बदलायची न्हाई," त्या म्हणाल्या. मी आपली बोटाकडंच बघत बसले. रक्ताचा थेंबसुद्धा न्हाई!

माझे वडील, अण्णा, यांना बी शुगर होती, पण ते सुईला लय भ्यायचे. मी सातवीत होते, नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. बंदमुळं शाळा कधी भरायची, कधी न्हाई. पण ताडकळसच्या घरी एक काम मला रोजचं होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात अण्णांच्या लघवीचे थेंब टाकायचे अन् उकळायचं. निळं राहिलं तर बरं. विटकरी झालं म्हंजी साखर वाढली, मग परभणीला जाऊन सुई टोचून रक्त द्यायचं.

अण्णा ओसरीवरून विचारायचे, "कोणता रंग आला गं, बाई?"

त्यांचा तो भ्यालेला आवाज ऐकला की मी विटकरी पाणी मोरीत ओतायचे. "निळाच हाय, अण्णा."

मग ते खुशीत गोड चहा मागायचे.

पुढं त्यांच्या पायाला जखम झाली, ती भरलीच न्हाई.

हे यंत्र तवा असतं तर अण्णांनी हसत बोट पुढं केलं असतं.

खरं सांगा, माझ्या जागी तुमी कोणता रंग सांगितला असता?