शिकाऊ टेबलावरचा एगोन

जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदराच्या गावी, आमच्या कुलूप मंडळात दर गुरुवारी संध्याकाळी माणसं जमतात आणि किल्लीशिवाय कुलपं उघडतात. छंद म्हणून. नियम दोनच: कुलूप स्वतःचं हवं आणि ते कुठल्या दाराला लावलेलं नको. तिसरा नियम न सांगता पाळायचा, तो म्हणजे लांब टेबलावरच्या तरबेज लोकांशी बोलायचं नाही. ते कुलपाच्या आतल्या बारीक पिनांचा आवाज ऐकत असतात. बोलणं चालतं ते फक्त खिडकीजवळच्या शिकाऊ टेबलावर, आणि तिथं बडबड करायला मंडळानं मला नेमलंय. मी रोसविटा. किल्ल्यांच्या दुकानातून निवृत्त झाले, पण तोंड काही निवृत्त झालं नाही.

एगोन ट्यार्क्स आमच्याकडे आला तेव्हा सत्तरीला टेकला होता. बंदरात क्रेन चालवण्यात त्याचा जन्म गेला. दिवसभर वर काचेच्या खोलीत एकटा, आणि खाली उतरून घरी गेलं की बहीण हाना. लग्न दोघांनीही केलं नाही. हाना गेली त्याच हिवाळ्यात तो आला.

पहिल्याच दिवशी त्यानं खिशातून एक जाडजूड पोलादी कुलूप काढलं.

"हे काय आणलंस?"

"मजबूत आहे."

"मजबूत कशाला हवंय रे बाबा! शिकाऊ माणसानं गचाळ कुलूप घ्यावं. स्वस्त, पितळेचं, आत चार पिना, त्याही ढिल्या. बनवणाऱ्याचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे होतं असं वाटलं की समज, ते तुझं कुलूप."

तो मनापासून हसला. पुढच्या गुरुवारी त्यानं बॅगेचं इवलंसं कुलूप आणलं, त्यात कुलूप उघडायचा आमचा तारेचा आकडाच शिरेना. मग तळघराचं गंजलेलं. मग पारदर्शक प्लॅस्टिकचं. "अरे, डोळ्यांनीच उघडशील हे, बोटं काय शिकणार?" मी मनसोक्त तोंडसुख घ्यायची आणि माझ्या सरावाच्या कुलपांच्या डब्यातलं एखादं नीट निवडून द्यायची. तो संध्याकाळभर खटपट करून म्हणायचा, "नाही जमत गं." मला वाटायचं, बोटं जाड आहेत बिचाऱ्याची.

वसंतात आमचा अध्यक्ष डेटलेफ माझ्याजवळ आला. "शिकाऊ टेबलाला खुर्च्या चारच. ती वीबके कधीची जागा मागतेय. तुझा एगोन काय जन्मभर शिकतच राहणार का? पुढच्या गुरुवारी तुझ्या डब्यातलं एक उघडून लांब टेबलावर जाऊ दे, नाहीतर जागा सोडू दे."

मी हुज्जत घातली, पण त्यानं ऐकलं नाही. म्हणून डब्यातलं सगळ्यात गचाळ कुलूप पर्समध्ये टाकलं आणि शनिवारी एगोनचं घर गाठलं. म्हटलं, सराव करून घेऊ.

डेटलेफ काय म्हणाला ते मी दारातच सांगून टाकलं. त्यानं चहा ओतला, लोणी-साखरेचा केक कापला. माझं लक्ष स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेलं. तिथं त्याची सगळी कुलपं ओळीनं मांडलेली होती: पोलादी, बॅगेचं, गंजलेलं. झाडून सगळ्यांच्या कड्या उघड्या.

"ही तू उघडलीस?"

"हो."

"कधी?"

"आणली त्या त्या दिवशी. तुझ्याकडे यायच्या आधी. क्रेनवर जहाजाची वाट बघत बसायचो तेव्हाच शिकलो."

माझं डोकंच फिरलं. "आणि मी मेली तुझ्यासाठी घसा कोरडा करतेय! मूर्ख समजलास मला?"

"मूर्ख कशाला?" त्यानं माझ्या कपात खडीसाखर टाकली. "उघडलं असतं तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या आणि मला लांब टेबलावर पाठवलं असतं. तिथं बसायचं म्हणजे परत क्रेनवरच बसल्यासारखं. हाना रोज सकाळी माझ्यावर ओरडायची. मोज्यांवरून, चिखलाच्या बुटांवरून. आता कुणी ओरडत नाही, रोसविटा. घर खायला उठतं. म्हणून जुन्या बाजारात जाऊन मुद्दाम चुकीचं कुलूप निवडतो. जितकं चुकीचं, तितकी तू जास्त बोलतेस."

राग कुठल्या कुठे गेला.

"मी भांडते डेटलेफशी," मी म्हणाले.

"ती वीबके एकटीच येते का?"

"एकटीच. बाहेर कोट घालून उभी असते. आत ये म्हटलं तर म्हणते, जागा झाली की येईन."

त्यानं खिडकीतल्या पोलादी कुलपाची कडी खट्कन बंद केली. "नको भांडूस," तो म्हणाला. "खुर्च्या चारच आहेत."

गुरुवारी मी ते गचाळ कुलूप त्याच्यापुढे ठेवलं. माझा हात मागे यायच्या आत त्यानं ते उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेटलेफनं पाठ थोपटली. "वा एगोन! आता तुला कुणाची गरज नाही!"

"हो ना," एगोन म्हणाला. त्यानं उठून वीबकेसाठी खुर्ची मागे ओढली आणि तो लांब टेबलाकडे गेला. शेजारच्यानं मान वर न करताच आपला दिवा जरासा त्याच्याकडे सरकवला.

वीबके घाबरत घाबरत बसली. तिनं पिशवीतून सायकलचं आकडे फिरवायचं कुलूप काढून माझ्यापुढे ठेवलं.

"अगं बाई!" मी कडाडले. "ह्याला किल्लीचं भोक तरी आहे का? डोळे काय घरी ठेवून आलीस?"

माझा आवाज खोलीभर गेला. लांब टेबलावर एगोननं चटकन मान वर केली, ओठांवर हसू तयार होतं. मग मी कुणावर ओरडतेय ते त्याला दिसलं, आणि त्यानं पुन्हा खाली पाहिलं.