डिंकाचा डबा आणि जानकीबायचं घर

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा. पण चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. कारण एका डिंकाच्या डब्यापायी मी एक ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आणलं होतं, आणि तेही तोंडातून एक वाकडा शब्द न काढता!

आधी माझा रोग सांगतो. मला छोट्या प्रतिकृती करायचा नाद. पुठ्ठा, काड्यापेटीतल्या काड्या आणि डिंक समोर आला की माझे हात शिवशिवायचे. सुरुवात अशी झोकात, की बघणाऱ्याला वाटावं, हा गडी कळस चढवूनच उठणार. आणि मी उठायचो पायावरूनच! घरात एक आगगाडीचं इंजिन होतं, त्याला एकाच बाजूला चाकं. एक दीपगृह होतं, बिनदिव्याचं. एक किल्ला होता, एका बुरजाचा. त्यावर आमची ही वाती वळून ठेवायची.

"अहो, निदान दुसरा बुरूज तरी करा," ती म्हणायची. "वाती घरंगळतात."

मी तेव्हा तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका गावात शाळामास्तर होतो. साठ सालानंतरची ती वर्षं. विजेच्या मोठ्या कारखान्याचं काम निघालं होतं. बोईसर स्टेशनवर हिंदी बोलणारे मजूर उतरत होते, खाडीपर्यंत जीपगाड्या धुरळा उडवत होत्या. कुठलं गाव राहणार आणि कुठलं उठणार, याच्या रोज नव्या बातम्या. कोळणी मासळीबरोबर त्याही विकायच्या.

अशा वेळी शहाणा माणूस काय करील? गप्प बसेल. मी काय केलं? हातात दोरी आणि बांबू घेतला आणि गावातली घरं मोजत सुटलो!

कशाला? तर प्रतिकृतीला! सबंध गाव करायचं मनात आलं होतं. देऊळ, शाळा, विहीर, माडाच्या वाड्या, सगळं मापात. आता सरकारी नोकर दारात दोरी धरून उभा राहिला, की लोकांनी काय समजायचं? पण हे डोक्यात यायला डोकं जागेवर हवं ना!

उलट मला वाटलं, काय कदर आहे गावाला कलेची! माझी दोरी निघाली की लोक ओट्यावर बसवायचे, शहाळं सोलायचे. घरी पापलेटं यायला लागली. कोलंबी आली. एकदा तर एवढा थोरला घोळ मासा आला, की पातेल्यात मावेना. आम्ही तो दोन दिवस खाल्ला. चवीनं खाल्ला, खोटं कशाला बोलू!

मग व्हायचं तेच झालं. देऊळ झालं, शाळा झाली, वरची आळी झाली, आणि कोळीवाडा आला. एकाला एक खेटून घरं, सगळ्यांची तऱ्हा एकच. कापा, दुमडा, चिकटवा. पुन्हा कापा, दुमडा, चिकटवा. सुरुवातीला पुरं झालेलं काम डोळ्यांपुढं दिसत असतं, म्हणून हात चालतात. मध्यावर आलं की ते दिसेनासं होतं, दिसतात ती फक्त चिकट झालेली बोटं. मी उद्यावर ढकललं. उद्याचा परवा झाला. पुढं पुढं तर ओटीवर मांडलेलं ते अर्धं गाव बघवेना, म्हणून मी मागच्या दारानं ये-जा करायला लागलो. स्वतःच्या घरात चोरासारखा! अर्धवट कामाची लाज फार वाईट हो. कुणी काही म्हणत नाही, तरी आपणच तोंड लपवतो.

आणि डिंकाचा डबा? तो ठेवून दिला होता रिकाम्या कोळीवाड्याच्या मधोमध. उंच, गोल, चंदेरी.

एके सकाळी जानकीबाय मासळीची पाटी घेऊन आली. कोळीवाड्याच्या टोकाला तिचं घर. नवरा गेलेला, मुलगा काशिनाथ होडीवर. त्याचं लग्न जवळच्याच माहीम गावच्या मुलीशी ठरलं होतं आणि सुनेसाठी तिनं घराला नवी पडवी काढायला घेतली होती. पाटी टेकवली आणि ती ओटीवरचं गाव बघत उभी राहिली.

"मास्तर, ह्यो आमचा गाव?"

"ओळखलंत की!" मी पेपरातून मान वर न करता म्हणालो.

"ही शाला. ह्यं देऊल. आनि आमचा कोलीवाडा कुठं हाय?"

"तो तिकडं, डाव्या हाताला."

"तिकडं तर ह्यं गोल कायतरी हाय."

"ते राहू द्या," मी म्हणालो. "ते आता तिथंच राहणार."

आहे की नाही कमाल? हात लावू नका, सांडेल, एवढंच मला म्हणायचं होतं! जानकीबायनं डब्याकडं एकदा बघितलं. पाटी उचलली आणि मासळीसकट चालती झाली.

दुसऱ्या दिवसापासून मासे बंद. वाटेत लोक मला बघून गप्प व्हायला लागले. जानकीबायच्या पडवीचं काम थांबलं, बांबू आणले तसे अंगणात पडून राहिले. मी हिला म्हटलं, "वारं फिरलं असेल, होड्या गेल्या नसतील." मास्तर ना मी, प्रत्येक गोष्टीचं कारण माझ्याकडं तयार!

आणि मग रविवारी अंगणात माणसंच माणसं. पुढं जानकीबाय, तिच्या मागं मान खाली घातलेला काशिनाथ, आणि पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ, माहीमचे, मुलीचे वडील.

"मास्तर," ते म्हणाले, "आमी पोरगी द्यायची ती कुठल्या घरात? घर ऱ्हानार की जानार, ते तुमीच सांगा. तुमाला समदं ठावं हाय म्हनतात."

"मला? मला काय ठाऊक?"

तशी जानकीबाय उसळली. रागानं ती 'तुमी'वरून 'तू'वर आली. "तुला नाय ठावं? दोरी लावून कोन मोजीत व्हता? आमच्या वाड्यावर कारखान्याची टाकी कोनी ठेवली?"

"कसली टाकी?"

तिनं बोट दाखवलं. मी बघितलं. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला, बाबांनो! दोरी, शहाळी, पापलेटं, तो घोळ, सगळं एकदम कळलं.

"अहो, हा डिंकाचा डबा आहे!" मी झाकण काढून दाखवलं. प्रत्येकानं वास घेतला. माहीमकरांनी बोट बुडवून बघितलं.

"डिंक हाय," ते म्हणाले.

"मंग माझं घर का नाय?" जानकीबाय.

आता काय सांगायचं? खरं तेच सांगितलं. "कंटाळा आला."

ती हळूच म्हणाली, "कंटाला आला म्हनून माझं घर लावलं नाय?"

माझ्यासाठी तो पुठ्ठ्याचा तुकडा होता. ती तेवढ्यापायी आठवडाभर उपाशी निजली होती.

"बसा सगळे," मी म्हणालो आणि कात्री घेतली.

काय सांगू, असं काम मी जन्मात केलं नव्हतं! सगळा कोळीवाडा ओटीवर बसून देखरेख करत होता. "माझं दार उगवतीला हाय, मास्तर!" "आमचा फनस कुठं हाय?" "बोंबील वालत घालायच्या काठ्या लावा की!" जानकीबायनं तर न बांधलेली पडवीसुद्धा लावून घेतली. एकसारखी वाटणारी घरं एकसारखी नव्हतीच. प्रत्येकाच्या मागं माणूस बसला होता. कंटाळा कुठं पळाला, कळलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो, माझ्यात चिकाटी नाही. तसं नव्हतं. माझ्या कामाची कुणी वाटच बघत नव्हतं!

पाच-सहा दिवसांत गाव पुरं झालं. माहीमकर पुन्हा आले, वाकून पडवी बघितली आणि लग्नाची तारीख धरून गेले. माझं आयुष्यातलं पहिलं पुरं झालेलं काम! मी तर नाचायचाच बाकी होतो.

जानकीबाय मात्र अजून वाकून शोधत होती. "मास्तर, तुजं घर नाय दिसत?"

"अहो, भाड्याच्या घराचं काय एवढं? आणि डिंकही संपला."

"डिंक मी आनते. आपलं घर लाव."

"राहू द्या हो," मी हसून म्हणालो. "पुठ्ठ्यात घर नाही म्हणून कुणी गावातून उठत नसतं!"

लग्न झालं. पडवी झाली. आमच्या गावावर काही आलं नाही, एक झोपडीसुद्धा हलली नाही.

पुढच्या महिन्यात माझी जव्हारला बदली झाली.

गावातून उठला तो एकटा मी. बैलगाडीत सामान चढत होतं, तेव्हा जानकीबाय सुक्या बोंबलांचं गाठोडं घेऊन आली. डोळे भरले होते तिचे, माझेही. पदरानं नाक पुसत म्हणाली, "येवढा शिकलेला तू, मास्तर, पन एक घर लावायचा कंटाला केलास!"