बाटलेला हौद
दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावच्या दूध सोसायटीनं कोरड्या तलावाच्या पोटात जनावरांची छावणी उघडली. चेअरमन माझे सख्खे चुलते. टँकरचं पाणी सिमेंटच्या हौदात पडायचं आणि हौदावर पहिला मान आमच्या भावकीच्या जनावरांचा. दलित वस्तीची जनावरं खाली उताराला बांधलेली. त्यांना उरलंसुरलं, तेही आमच्यातल्या कुणी वरून ओतलं तर. सोसायटीच्या पाटीवर मात्र 'सहकारी' हा शब्द चांगला ठळक रंगवलेला.

मी बीडला कॉलेजात इतिहास शिकत होतो. सुट्टीत आलो तेव्हा जेवताना चुलत्यांनी विचारलं, काय शिकवतात रे तिथं. मी ज्यू लोकांबद्दल सांगितलं. देवानं आपल्याला निवडलंय ही त्यांची श्रद्धा. पण निवडलं म्हणजे लाड नव्हेत, उलट नियम जास्त, आणि चुकलं तर जाब आधी त्यांनाच. चुलत्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. दुसऱ्या दिवशी छावणीत मिशीवरून हात फिरवत सांगू लागले, "आमी बी तसेच. देवानंच निवडून ठिवलंय. का म्हणून इचारायचं न्हाई."

लोक माना डोलवत होते.

"आबा, पुढचंबी सांगा की," मी म्हणालो.

"लई शिकलास रं," ते हसले.

त्याच दुपारी वस्तीतली एक विधवा रिकामी बादली घेऊन आली. तिची एकच गाय, दिवस भरलेली, सकाळपासून बसली होती ती उठतच नव्हती. त्या गायीच्या दुधावर तिचं घर चालायचं.

"आबा, येवढी बादली द्या भरून. गाभण हाय ओ."

"आमची पिऊन होऊ दे," चुलते म्हणाले.

मी तिच्या हातातली बादली घेतली आणि हौदात बुडवली.

चुलत्यांनी बादली हिसकून पालथी केली आणि गड्याला हौदाचं बूच काढायला लावलं. वस्तीची बादली लागली, म्हणजे हौद बाटला. आमचीच जनावरं तहानेनं हंबरत होती आणि ही शहाणी माणसं भरलेला हौद मोकळा सोडत होती. पाणी उतारावरून थेट त्या गायीकडं निघालं. तिनं मान लांबवली. तेव्हा आमचे चेअरमन स्वतः फावडं घेऊन धावले आणि धापा टाकत मधे मातीचा बांध घातला. पाणी तिथंच जिरलं.

दिवस मावळायच्या आत गाय गेली, पोटातल्या वासरासकट. बाई तिच्या डोक्याशी बसून होती. चुलते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवून समजुतीनं म्हणाले, "आपलं माणूस हायस, म्हणून सोडलं तुला."

इतकी घाण शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही.