थोरल्या बाईंचं गुपित

आमच्या थोरल्या बाई दळता दळता जातं थांबवून उत्तर द्यायच्या. प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसायचा.

बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊ. कामरगावाजवळच्या आमच्या घरी मी सून म्हणून आले, तेव्हा भाकरी त्यांनीच शिकवली. माझी पहिली भाकर बघून म्हणाल्या, "धाकटे, हे भाकर व्हय का अकोला जिल्ह्याचा नकाशा?" चौथी शिकलेली म्हणून मला त्या असंच चिडवायच्या.

कधी महिना महिना त्यांना झोप नसे. दिवसभर गाणी, हसणं. अंगणात आलेल्या बाईला नवं लुगडं देऊन टाकायच्या. मग एकदम भिंतीकडे तोंड करून पडायच्या, घास घेत नसत. मंगरूळपीरच्या दर्ग्यावर नेलं, वैद्याचे काढे झाले. मधले काही महिने त्या अगदी चांगल्या असत. पण त्या चांगल्या दिवसांतही पहाटे जातं थांबायचं.

"येतो ना, थांब जरा," बाई म्हणायच्या.

"कोणाशी बोलता बाई?"

"इहिरीतला बलावते. कोणाले सांगू नोको. हे लोक मले कोंडून ठेवतीन."

मी सांगितलं नाही. एका सकाळी पाणी भरताना त्यांनी विहिरीच्या काठावरून पाय आत टाकला. त्यांचा पदर माझ्या मुठीत आला म्हणून त्या वाचल्या.

भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, त्यांना नागपूरच्या दवाखान्यात नेलं. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मला घेतलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून विचारलं, "मन फार चढलं किंवा फार उतरलं की आवाज येतात, हे समजलं. पण मन ठिकाणावर असतं तेव्हाही येतात का? विचार करून सांगा. औषध त्यावर ठरेल."

"नाही साहेब," भासरे म्हणाले. "चांगली असली म्हंजे काहीच नाही." ते खोटं बोलत नव्हते. बायका दळतात तिथे पुरुष कशाला येतील?

"मग विजेचे झटके देऊ. महिन्याभरात घरी न्या."

आमच्यात भासऱ्यांसमोर बोलत नाहीत. आठ वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. बाकावरून बाई माझ्याकडेच बघत होत्या आणि नाही नाही अशी मान हलवत होत्या. डॉक्टरांनी कागद मिटला.

"येतेत," मी म्हणाले. "चांगल्या असल्या तरी येतेत. रोज."

भासऱ्यांनी मान खाली घातली. बाई ओरडल्या, "कोंडलं ना मले! तूच कोंडलं!" दवाखान्यातल्या दोन बायांनी त्यांना आत नेलं, तरी तेच ऐकू येत होतं.

डॉक्टर म्हणाले, "मनाचं चढणं-उतरणं आणि हे आवाज, अशी दोन दुखणी एकत्र आहेत. नुसत्या झटक्यांनी भागणार नाही. नवीन गोळ्या निघाल्या आहेत, त्या पुष्कळ दिवस द्याव्या लागतील. हसली-बोलली म्हणून बंद करू नका. आणि आवाज येतात का, हे घरातल्या कोणीतरी रोज विचारायचं."

पाच महिन्यांनी बाई परत आल्या. गोळ्यांनी अंगाने सुटलेल्या, चालणं मंद, हात कापत. भासरे दाराआडून माझ्याशी पहिल्यांदाच बोलले, "तुमीच इचारत जा तिले."

मी रोज विचारायची. त्या तोंड फिरवायच्या. गोळी घेत, पण माझ्या हातून नाही. सगळा हिवाळा असाच गेला.

उन्हाळ्यात मला ताप भरला. दोन दिवस मी अंथरुणावर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या आणि उशाशी बसल्या. कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "कालपासून इचारलं नाही तू."

"आला का आवाज, बाई?"

"आला," त्या म्हणाल्या. "म्हून तं तुह्यापाशी आलो."