तीन तिकिटांचे पॉइंट

पूल संपला तरी वहिनी काही बोलल्या नव्हत्या. नोंदणी कार्यालयातून दादाच्या मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही दोघी निघालो होतो आणि बँकेपर्यंत चालत जायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे त्यांनीच ठरवलं. ऊन चढलं होतं, फुटपाथ जागोजागी उखडलेला, ट्रक अंगावर धूळ उडवत जात होते. मी टॅक्सीला हात करायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरून खाली ओढलं. एरवी अशा वेळी त्यांचं ठरलेलं वाक्य असे, जिथं कार्ड चालत नाही तिथं आपण चालायचं. आज तेही नाही. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत त्यांच्या मागून चालत होते.

या माझ्या मोठ्या वहिनींना घरात सगळे पॉइंटबाई म्हणतात. नाव दादानेच ठेवलेलं. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानात त्या काउंटरवर बसतात. गिऱ्हाइकाच्या कोटात नोट राहिली तर ती पाकिटात घालून, वर पावतीचा नंबर लिहून परत करणारी बाई. मालक पगार रोख देतो, म्हणून बँकेने त्यांना कार्ड नाकारलं. दादा बस डेपोत फिटर, कायम नोकरीतला. कार्ड त्याच्या नावावर आलं आणि त्यालाच जोडलेलं दुसरं वहिनींना मिळालं. दादाने आपलं कार्ड खरेदीसाठी कधी पाकिटाबाहेर काढलं नाही. त्याला त्याची धास्तीच वाटायची.

कार्डावर खर्च केला की पॉइंट मिळतात, पुरेसे साठले की विमानाची तिकिटं मिळतात, हे वहिनींना दुकानात येणाऱ्या एका बाईने सांगितलं. तेव्हापासून त्यांनी मनावरच घेतलं. घरचा किराणा, वीज, फोन हे होतंच, पण तेवढ्याने काय होतंय? मग त्या आमची बिलं मागून घेऊ लागल्या. माझ्या मुलाची फी, धाकट्या भावाच्या गाडीचा विमा, शेजारच्या नर्सबाईंचा फ्रीज, सगळं वहिनींच्या कार्डावर. आम्ही त्यांना रोख द्यायचो, त्या दुसऱ्या दिवशी जाऊन बँकेत भरायच्या. व्याजाचा एक पैसा त्यांनी बँकेला कधी मिळू दिला नाही. कुणी पंखा घ्यायला निघालंय असं नुसतं कानावर आलं तरी वहिनी चपला घालून तयार. धाकटा म्हणायचा, "वहिनी, माझं लग्नही तुमच्या कार्डावर उरकून टाका."

हसत होतो खरे, पण त्याच पॉइंटांवर आम्ही एकदा सगळे विमानाने समुद्र बघायला गेलो. आमच्या आईने विमानात पाणीसुद्धा मागितलं नाही. फुकट आलोय हे कळलं तर मधेच उतरवतील, अशी तिची समजूत. दादा पूर्ण प्रवासभर कार्ड मुठीत धरून बसला होता, कुणी विचारलं तर दाखवायला.

पुढे वहिनींची मुलगी लग्न होऊन फार लांब गेली. विमानाशिवाय पोचता येत नाही आणि तिकीट विकत घ्यायची आमच्यापैकी कुणाची ऐपत नाही. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. त्या दिवशी वहिनी फोन कानाला लावून काउंटरवर बसल्या होत्या, पलीकडून लेक रडत होती आणि इकडे वहिनी गिऱ्हाइकाच्या हातात पावती देत होत्या. पुढच्या वेळी मी तिथे असेन, एवढंच त्या संध्याकाळी म्हणाल्या. पॉइंटांची साठवण पुन्हा शून्यापासून सुरू झाली.

दोन तिकिटांपुरते पॉइंट गेल्या वर्षीच झाले होते. दादा म्हणत होता, आपण दोघं जाऊन येऊ, पोरीला बघून येऊ. वहिनींनी ऐकलं नाही. आईंना मागे कुणावर टाकायचं, आणि नातीच्या घरी जायचा त्यांचा हक्क नाही का? तीन झाल्याशिवाय निघायचं नाही. मधे मालक पगार बँकेत भरू लागला, तेव्हा बँकेने त्यांना स्वतःच्या नावाचं कार्ड देऊ केलं. तेही त्यांनी घेतलं नाही. पॉइंट दोन ठिकाणी फुटतील म्हणून.

मग दादाला डेपोतच झटका आला. चार दिवस तो मशीनवर होता. बिल त्याच कार्डावर गेलं. डेपोच्या विम्याने ते भरून दिलं, बाकी काही नाही तरी तेवढं झालं. पण कार्ड ओढलं तेव्हा वहिनींच्या फोनवर संदेश आला. तिसऱ्या तिकिटापुरते पॉइंट पूर्ण झाले होते.

लेक बापाला शेवटचं बघायला येऊ शकली नाही. ती पुन्हा गरोदर आहे, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून बजावलंय. पुढच्या महिन्यात दिवस भरतात. जावई पाळीवर गेला की दिवसभर घरात ती एकटी.

बँकेच्या दारासमोर एक बाक होता. वहिनी आत न जाता त्याच्यावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. मी म्हटलं, चला, एकदाचं उरकून टाकू, दाखला दिला की सुटलो. तेव्हा कुठे त्यांचं तोंड उघडलं. त्यांनी बँकेच्या मदतीच्या नंबरवर फोन करून विचारलं होतं. नाव सांगितलं नाही, ओळखीतल्या बाईसाठी विचारतेय म्हणाल्या. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. ज्याच्या नावावर कार्ड तो माणूस गेला की कार्ड बंद, जोडलेलं कार्डही बंद, आणि पॉइंट रद्द. बायकोला मिळत नाहीत, मुलांना मिळत नाहीत.

"इतकी वर्षं ते मी जमवले, वन्सं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी एक काडी विकत घेतली नाही त्या कार्डावर."

मी म्हटलं, मग अजून बँकेला कळवलेलं नाही, तोवर फोनवरून तिकिटं काढून घ्या की. ते त्यांनी करून पाहिलं होतं. दादाचा फोन चालू होता, खात्रीसाठी बँकेकडून त्यावर येणारा नंबरही मिळाला. पण एवढे पॉइंट एकदम काढायचे तर बँक फोन करते आणि खुद्द कार्डवाल्यानेच बोलावं लागतं. जन्मतारीख, आईचं नाव, आणि हो, मीच काढतोय, असं त्याच्या तोंडून. काल संध्याकाळी तो फोन आला होता. वहिनींनी साहेब अंघोळीला गेलेत असं सांगून ठेवून दिला. आज चार वाजता पुन्हा येणार होता.

हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बँकेचा पहारेकरी दार उघडून लोकांना आत घेत होता, त्या दाराकडे बघत होत्या.

"दुसऱ्याच्या खिशातलं मी कधी ठेवून घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुम्ही देवाधर्माच्या, तुमच्यापुढे हे बोलायची मला लाज वाटतेय. पण पोरीने दुसऱ्यांदा एकटीने ते सोसलं, तर मी काय करू?"

 मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, पण प्यायल्या नाहीत.

"धाकट्याचा आवाज फोनवर अगदी ह्यांच्यासारखा येतो," त्या म्हणाल्या. "आईंनासुद्धा कळत नाही. पण मी सांगितलं तर तो घाबरेल, पाप लागेल म्हणेल. तुम्ही सांगितलंत तर त्याला ते पाप वाटणार नाही. सांगाल का त्याला, वन्सं? चार वाजता घरी ये म्हणावं, आणि पाच मिनिटं दादा हो."