तोरगाइरच्या तळघराची उंची

१४ मार्च २०१६ रोजी नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या तोरगाइर हेस्टनेसला छप्पर बदलण्याच्या खर्चाचा अंदाज मिळाला: चार लाख शहाऐंशी हजार क्रोनर. पोस्टातून निवृत्त व्हायला त्याला आठ महिने उरले होते. बायको गुनव्होरने चष्मा लावून आकडा वाचला आणि दोनच वाटा सांगितल्या. तळघर राहण्याजोगं करून एखाद्या विद्यार्थ्याला भाड्याने द्यायचं, नाहीतर घर विकून तिच्या बहिणीशेजारी फ्लॅट घ्यायचा. या बहिणीकडे नाताळातसुद्धा सरबतच मिळे.

तोरगाइरला मेहुणीही नको होती आणि भाडेकरूही. तळघर म्हणजे त्याचं देवघर. पाइनच्या फळ्या, स्वतः ठोकलेला बार आणि बारमागे तांब्याचं भांडं. घरी दारू गाळणं तिथे गुन्हा आहे; त्या गल्लीत ती रीत होती. शनिवारी चार शेजारी खाली उतरत. कपात नाणं टाकायचं, ते दिसेनासं होईपर्यंत कॉफी ओतायची आणि पुन्हा दिसेपर्यंत तोरगाइरचा माल. ते दिसू लागेपर्यंत कोणी फारसं थांबत नसे.

छत बुटकं आहे हे त्याला ठाऊक होतं. म्हणून पालिकेची तपासनीस बाई त्यानेच हौसेने बोलावली. भांड्यावर गोधडी टाकली, वर फुलदाणी ठेवली. बाईंनी टेप लावला. नियमाला अकरा सेंटिमीटर कमी. तोरगाइरने सकाळी आरशात तालीम केलेला दुःखी चेहरा केला.

"अरे, ही लाकडी जमीन तूच वर घातलीस ना, तीस वर्षांपूर्वी? पाय गारठतात म्हणून?" गुनव्होर म्हणाली. "मग काढ की."

बाई म्हणाल्या, जमीन काढली आणि खिडकी माणूस बाहेर पडेल एवढी मोठी केली, तर परवानगीला हरकत नाही. तोरगाइरचा दुःखी चेहरा आता खरा झाला. त्या फळ्यांखाली आडव्या बाटल्यांची रांग होती.

गुनव्होरने लगेच शनिवारी श्रमदान ठेवलं. तिकडे श्रमदानाला शेजाऱ्याने नाही म्हणायचं नसतं आणि यजमानाने वॉफल खाऊ घालायचे असतात. आले तेच चौघे. वर वॉफल भाजले जात होते आणि खाली चार म्हातारे बाळंतिणीला उठवावं तशा हलक्या हाताने फळ्या उचलत होते. बाटल्या स्कीच्या पिशव्यांतून गेल्या, विजारीतून गेल्या. शेवटच्या खेपेला त्यांच्यातल्या हालवोरने नातवाची बाबागाडीच आणली.

गुनव्होरने त्याच्यासाठी दार धरलं. "बाळाला टोपी घाल रे हालवोर, बाहेर गार आहे."

गाडी किणकिणत उतारावरून गेली. तोरगाइर फळी हातात धरून तसाच उभा राहिला.

"तीस वर्षं त्या जमिनीवरून चालतेय मी," ती म्हणाली. "दर पावलाला वाजते ती. आता सांग, भाडेकरू की माझी बहीण?"

त्याने एक वॉफल खाल्लं, मग दुसरं.

"भाडेकरू," तो म्हणाला. "पण मुलगा पिणारा बघ."

ऑगस्टात इंजिनीयरिंगची एक मुलगी राहायला आली. ती फक्त चहा पिते आणि भाडं एक तारखेला देते. तांब्याच्या भांड्यात आता पायरीवर जिरेनियमचं रोप आहे.

हालवोरकडून तीन बाटल्या अजून येणे आहेत.